दोरा संपतो तिथं काय होतं? गोधडी, साशिको आणि न मारलेली गाठ

गोधडी शिवताना एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. सुईतला दोरा संपत आला, आता पुढं काय? नवा दोरा ओवायचा, हे झालंच. पण जुन्याचं टोक कुठं ठेवायचं, नव्याचं टोक कुठून आणायचं, गाठ मारायची की नाही? माझी पीएचडी सुतांमधल्या घर्षणावर आहे. त्यामुळे शिवणकामातली ही एवढीशी बाब मला फार मोठी वाटते. या लेखात तिचा इतिहास सांगणार आहे, आणि त्यासाठी थोडं विज्ञानही लागेल. घाबरू नका, सूत्र एकही लिहिणार नाही.

आधी हा प्रश्न किती वेळा येतो ते मोजून बघू. समजा, गोधडी २ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद आहे, आणि टाक्यांच्या ओळींमध्ये १ सेंटिमीटर अंतर आहे. म्हणजे १५० ओळी, ३०० मीटर शिवण. दोरा कापडाच्या वर-खाली जातो म्हणून शिवणीपेक्षा जास्त लागतो. साधारण ३५० मीटर धरू. एका वेळी मीटरभर दोरा ओवला आणि त्यातला १० सेंटिमीटर टोकांपायी गेला, तर ३९० वेळा दोरा बदलावा लागेल. प्रत्येक दोऱ्याला दोन टोकं, म्हणजे एका गोधडीत ७८० टोकं! प्रत्येक टोकाला गाठ मारली, तर पाठीखाली ७८० खडे घेऊन झोपल्यासारखं होईल. मोठ्या माणसाला एकवेळ चालेल. पण तान्ह्या बाळाच्या दुपट्यात गाठ टोचली तर बाळ घर डोक्यावर घेईल.

मग लांब दोरा का ओवत नाहीत? आळशी माणूसच लांब दोरा ओवतो असं घरोघरी म्हणतात, आणि त्यामागे हिशेब आहे. एक टाका म्हणजे दोरा एकदा खाली, एकदा वर. मीटरभर दोऱ्यात ७५ ते ८० टाके पडतात. म्हणजे सुईच्या नेढ्याजवळचा दोऱ्याचा भाग शेवटचा टाका पडेपर्यंत दीडशेएक वेळा कापडातून घासून जातो. दोरा दुप्पट लांब घेतला की ही घासाघीस तीनशेच्या वर जाते. दोऱ्याचे तंतू सुटतात, पीळ ढिला होतो, दोरा मधेच गुंततो. शिवाय हात ताणून एका ओढीत टाका घट्ट करता यायला हवा. म्हणून दोऱ्याची लांबी ठरते ती हाताच्या मापानं. गोधडी कितीही मोठी असो, दोरा हातभर किंवा थोडा जास्त. बाकी सगळं कौशल्य सांध्यात.

जपानमधला धावदोरा

हाच प्रश्न जपानी बायकांनी कसा सोडवला, ते आज जगभर शिकवलं जातं. त्या कामाला साशिको म्हणतात. शब्दाचा अर्थ साधारण 'बारीक टोचणं'. टाका आपलाच, धावदोरा. गडद निळ्या कापडावर पांढऱ्या जाड सुती दोऱ्याच्या ओळी, त्यातून चौकटी, लाटा, षट्कोन.

आज हे शोभेचं वाटतं, पण सुरुवात गरजेतून झाली. जपानच्या ईशान्येला, तोहोकू भागात थंडी इतकी की कापूस पिकत नाही. गरीब शेतकरी वाखाचं कापड घालत. त्याच्या विणीतून वारा आत शिरे. एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या काळात, त्सुगारूसारख्या भागात शेतकऱ्यांच्या सुती कपड्यांवर सत्तेची बंधनंही होती. मग बायकांनी काय केलं? कापड वाखाचंच ठेवलं आणि त्याच्या विणीतली भोकं सुती दोऱ्याच्या टाक्यांनी भरून काढली. कपडा उबदार झाला, टिकाऊही झाला. त्सुगारूच्या या कामाला कोगिन म्हणतात. फाटलेल्यावर ठिगळ, ठिगळावर ठिगळ असे कपडे आणि अंथरुणं तिथं पिढ्यानपिढ्या वापरात राहिली. त्यांना बोरो म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत चिंध्याच.

दोरा जिथं महाग, तिथं सांधाही काटकसरीनं करावा लागतो. साशिकोत दोरा बदलायच्या ज्या रीती आहेत, त्या थोडक्यात अशा.

पहिली रीत, टाक्यावर टाका. जुना दोरा संपला की नवा दोरा तीन-चार टाके मागून सुरू करायचा आणि जुन्या टाक्यांच्याच भोकांतून न्यायचा. तेवढ्या अंतरात दोन दोरे एकावर एक बसतात. पुढं नवा एकटा चालतो. वरून बघणाऱ्याला तिथं टाका किंचित भरीव दिसेल, बाकी काही नाही.

दुसरी रीत, टोक थरांच्या पोटात. कापड दुहेरी असेल तर सुई दोन थरांच्या मधून सरकवून टोक आतच सोडायचं. मागूनही दिसत नाही.

तिसरी रीत खरं तर दोरा संपायच्या आधीची. काही टाके एकदम सुईवर घेऊन ओढले की कापड चुण्या पडून गोळा होतं. ते बोटांनी टाक्यांच्या दिशेनं हलकेच ताणून सपाट करायचं. याला इतोकोकी म्हणतात. हे न करता दोरा तोडला तर चुण्या कायमच्या अडकतात आणि धुतल्यावर टाके तुटतात.

चौथी बाब जागेची. कोपऱ्यात किंवा दोन ओळी एकमेकींना छेदतात तिथं सांधा आणू नये. तिथं आधीच ताण जास्त असतो. सरळ ओळीच्या मध्यावर सांधा सुखरूप.

जिथं अस्तर लागणार आहे, मागची बाजू झाकली जाणार आहे, तिथं गाठही चालते. म्हणजे गाठ न मारणं हा काही धर्म नाही. मागची बाजू कोण बघणार आणि कुणाच्या अंगाला लागणार, यावर ते ठरतं.

गाठ नाही, मग सुटत कसं नाही?

इथं माझा विषय येतो. बैल उधळला तर माणसाच्या ताकदीनं तो थोपवता येत नाही. पण कासऱ्याचे दोन-तीन वेढे खुंट्याला दिले की एका हातानंही दोरी धरता येते. वेढ्यागणिक पकड बेरजेनं वाढत नाही, गुणाकारानं वाढते. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञानं हा नियम मांडला.

कापडात शिरलेल्या दोऱ्याचंही असंच आहे. दर टाक्याला दोरा चार वेळा वळतो: खाली शिरताना, खालून आडवा जाताना, वर येताना, वर आडवा होताना. प्रत्येक वळण म्हणजे खुंट्याला दिलेला छोटासा वेढा. उदाहरणापुरतं धरू की घर्षणांक ०.३ आहे आणि प्रत्येक वळण ४५ अंशांचं आहे. मग एका टाक्यात पकड सुमारे अडीचपट होते. चार टाक्यांनंतर ती चाळीसपटीच्या आसपास जाते, सहा टाक्यांनंतर दोनशेच्या वर. टोकाला तंतूंची नुसती खरखर असली, कापडानं त्याला एवढंसं धरून ठेवलं, तरी चार टाक्यांपलीकडून ओढणाऱ्याला ते चाळीस पटीनं जड जातं. तीन-चार टाके मागं जायची रीत कुणी गणित करून ठरवलेली नाही, पण गणिताला ती पटते.

यात कापडाची जाडी महत्त्वाची. जाड थरातून जाताना दोरा जवळजवळ काटकोनात वळतो, पातळ कापडात तिरका जातो. म्हणजे लुगड्याचे पाच-सहा थर असलेल्या आपल्या गोधडीत दोऱ्याला मिळणारी पकड दुहेरी साशिकोपेक्षा चांगली असते. त्यात पाण्याचा फायदा वेगळाच. सुती तंतू भिजल्यावर फुगतो आणि कोरड्यापेक्षा जास्त ताण सोसतो. गोधडी दोन-तीन वेळा धुतली की सुईची भोकं मिटतात, दोऱ्याची लव कापडाच्या लवेत गुंतते. सुरुवातीला ओढून निघालं असतं ते टोक मग निघत नाही.

याहून गंमत म्हणजे खुद्द दोराही असाच, गाठीशिवाय बनलेला आहे. गावरान कापसाचा तंतू दोन-अडीच सेंटिमीटरचा. त्यापासून मैलभर लांब सूत कसं होतं? तंतू एकमेकांवर अर्धेमुर्धे चढलेले असतात आणि पीळ त्यांना दाबून धरतो. चरख्यावर सूत तुटलं तर कातणारी गाठ मारत नाही. तुटल्या टोकावर पेळूतले तंतू टेकवते, पीळ देते, सूत पुढं चालू. आखूड तंतूंचा दोर तुटत का नाही, हा प्रश्न गॅलिलिओनं १६३८ च्या पुस्तकात विचारला होता. २०१८ मध्ये वॉरन, बॉल आणि गोल्डस्टीन या तीन संशोधकांनी 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये त्यावर नव्यानं काम मांडलं. सोप्या शब्दांत सांगायचं तर, घर्षण आणि तंतूंचे एकमेकांना होणारे स्पर्श एका मर्यादेपलीकडे गेले की तंतू सरकायचे थांबतात. मग दोर तुटायचाच झाला तर तंतू तुटूनच तुटतो. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, ही म्हण आपण माणसांच्या ताठ्याबद्दल वापरतो. सुताचं सगळं बळ पिळात असतं, हे ती म्हण करणाऱ्याला पक्कं माहीत असणार.

म्हणजे बघा, तंतूवर तंतू चढवून सूत, टाक्यावर टाका चढवून शिवण, कापडावर कापड चढवून गोधडी. तिन्ही ठिकाणी तत्त्व एकच: टोकाला टोक जोडायचं नाही, थोडं मागं जाऊन एकावर एक घ्यायचं.

हद्दीवरचा कापूस

आता आपल्याकडे येऊ. हिंगोलीहून वाशीमला जाताना कनेरगाव नाका लागतं आणि तिथून पुढं पैनगंगेच्या पट्ट्यात मराठवाडा संपून विदर्भ सुरू होतो. आज बसमधून जाताना हद्द कळतसुद्धा नाही. पण ही हद्द साधी नव्हती. हिंगोलीला हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. त्या फौजेच्या खर्चापोटी १८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. तेव्हापासून एकाच बोलीची, एकाच काळ्या मातीची माणसं दोन कारभारांत वाटली गेली. इकडं निजामाची करोडगिरी, म्हणजे जकातीचं खातं. तिकडं इंग्रजांचे कापसाचे अधिकारी. नाका म्हणजे वाटेवर माल थांबवून जकात घ्यायची जागा, हे वेगळं सांगायला नको.

१८६१ ते १८६५ या अमेरिकेच्या यादवी युद्धात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. त्यांची नजर वऱ्हाडावर पडली. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एका तालुक्याच्या बाजारगावाला व्हाइसरॉय कशाला येतो? कापसासाठी. कापूस गाठोड्यांनी बाहेर जाऊ लागला आणि गिरणीचं कापड आत येऊ लागलं. हातानं कातलेलं सूत आणि गावच्या विणकराचं कापड मागं पडत गेलं. लक्ष्मण सत्या यांनी 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' या पुस्तकात या काळातल्या वऱ्हाडाचा कापूस आणि दुष्काळ एकत्र ठेवून अभ्यासला आहे.

आता जपानशी ताडून बघा. १८९१ मध्ये तोक्योहून आओमोरीपर्यंत, म्हणजे त्सुगारूच्या दारात, रेल्वे पोचली. तिनं स्वस्त सुती कापड आणलं आणि कोगिनची गरज संपत गेली. तिथं रेल्वे कापूस घेऊन आली, इथं रेल्वे कापूस घेऊन गेली. तिथं कापूस पिकत नव्हता म्हणून बायका एकेक टाका जपत होत्या. इथं कापूस दारात पिकत होता, तरी जुनं लुगडं, धोतर फेकून द्यायची ऐपत घरात नव्हती. कारणं उलटी, पण सुई एकच काम करत होती: झिजलेल्या कापडाला अजून दहा वर्षं देणं.

फरक पडला तो नंतर. जपानमध्ये यानागी सोएत्सू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतकऱ्यांच्या वापरातल्या वस्तूंना लोककला म्हणून मान मिळवून दिला. १९३६ मध्ये तोक्योत तिचं संग्रहालय उभं राहिलं. कोगिनचे नमुने जमा झाले, रीतींना नावं मिळाली, पुस्तकं निघाली. म्हणून आज साशिकोचा दोरा कसा बदलायचा हे कुणालाही वाचून शिकता येतं.

गोधडीच्या वाट्याला हे उशिरा आणि थोडं आलं. बंगालच्या कांथावर स्टेला क्रामरिश यांनी १९३९ मध्येच लिहिलं होतं. जुन्या साडीच्या काठातून दोरे उसवून तेच कांथाला वापरत, हे आपल्याला अशा लेखनामुळे माहीत आहे. कर्नाटकातल्या सिद्दी बायकांच्या कवंदीवर अभ्यास झाले. ती कडेपासून शिवत शिवत आत मध्याकडे नेतात. महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर गीता खंडेलवाल यांनी पुस्तक केलं. पण गोधडीचा दोरा बदलायच्या रीतींना साशिकोसारखी सर्वांना ठाऊक नावं नाहीत. ते ज्ञान एका हातातून दुसऱ्या हातात गेलं. आणि गोधडी जपूनही कोण ठेवतं? ती अंथरुणातून बैलगाडीत जाते, तिथून गोठ्यात, शेवटी पायपुसणं होऊन संपते. इतिहासाचं साधन म्हणून बघितलं तर हे दस्तऐवज आपण दर पावसाळ्यात उकिरड्यावर टाकतो.

गोधडी वाचायची कशी

म्हणून ही पद्धत लिहून ठेवतो. घरात हातानं शिवलेली जुनी गोधडी असेल तर उजेडात उलटी पसरा.

एखादी ओळ धरून बोट फिरवत जा. टाके जिथं दुहेरी लागतात किंवा लहानसा फुगवटा लागतो, तो सांधा. तिथून पुढच्या सांध्यापर्यंत टेपनं मोजा. शिवणारी किती लांब दोरा ओवत होती, ते बहुतेक कळेल. तोच आकडा पुन्हा पुन्हा आला तर एकाच हाताचं माप. अचानक बदलला आणि टाक्याची लांबीही बदलली, तर तिथून दुसरी बाई बसली असण्याची शक्यता. गोधडी चौघी मिळून शिवतात, कुणाचा कोपरा कुणाचा हे असं उलगडतं.

गाठ सापडते का ते बघा. सुरुवातीची गाठ मारून झटक्यानं थरांच्या आत ओढून घेतली असेल तर ती बोटाला लागेल पण दिसणार नाही. ओळ संपल्यावर दोरा न तोडता आतून शेजारच्या ओळीत सरकवला असेल, तर कडेला दोरा दिसणार नाही. तोही दोरा वाचवायचाच मार्ग. दोऱ्याचा रंग मधेच बदलला असेल तर नक्षीचा हेतू शोधायच्या आधी साधं कारण बघा: होता तो दोरा संपला असेल.

मग कापड बघा. सुती थरांच्या गोधडीत गाठीशिवाय भागतं, कारण कापडाला लव आहे. पण गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत पॉलिस्टरच्या साड्या घरोघरी आल्या आणि जुन्या होऊन गोधडीतही गेल्या. त्यांचा धागा अखंड, गुळगुळीत. लव नाही, पकड कमी. वरचा अडीचपटीचा हिशेब इथं खाली घसरतो. घर्षणांक ०.३ ऐवजी ०.१५ धरला तर एका टाक्यात पकड जेमतेम दीड-पावणेदोनपट होते, चार टाक्यांत चाळीस ऐवजी सहा-सातपट. म्हणजे अशा गोधडीत एक तर गाठ मारावी लागणार, नाही तर जास्त टाके मागं जावं लागणार. त्यामुळे एकाच घरातल्या दोन गोधड्यांत सांधे वेगळ्या रीतीचे दिसले, तर आजी विसरली किंवा सून शिकली नाही असं लगेच म्हणू नका. कापड बदललं म्हणून हातानं रीत बदलली असेल. त्या घरात सुती लुगडं कधी संपलं आणि पॉलिस्टर कधी आलं, हा आर्थिक इतिहास त्या टोकांवर बसलेला असतो. तो कुठल्याही गॅझेटियरमध्ये मिळणार नाही.

मशीनवरच्या गोधड्या आता सर्रास मिळतात. त्यात वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकवलेले असतात, रीळ मोठं असतं आणि सांधा क्वचित येतो. त्या वाईट असं नाही. पण त्यातून शिवणाऱ्याच्या हाताचं माप कळत नाही.

शेवटी एक काम सुचवतो. शिवणारी आजी, मावशी, काकू घरात असेल तर तिला 'गोधडी कशी शिवतात' असं विचारू नका. 'त्यात काय सांगायचं, शिवायची' एवढंच उत्तर मिळेल. सुईत मुद्दाम वीतभर दोरा ओवून तिच्या हातात द्या आणि दोरा संपेपर्यंत शिवू द्या. संपला की ती काय करते ते मोबाइलवर टिपून घ्या: किती टाके मागं गेली, गाठ कुठं लपवली, टोक कुठं सोडलं. मग विचारा, असं का. त्या वेळी ती जे बोलेल ते तारीख, गाव आणि कापडाचा प्रकार घालून लिहून ठेवा.